‘एज’ची वर्गणी भारतात बसून कशी भरावी

दिवाळी अंकांसाठी आपण ओळखीच्या दुकानदाराला यादी देतो, पैसे मोजतो आणि गठ्ठा घरी येतो. परदेशी गेमिंग मासिकाची वर्गणी मात्र इतकी सरळ नसते. पैसे पौंडात जातात, पत्ता भलत्याच चौकटीत बसवावा लागतो आणि अंक उशिरा आला तर दुकानदाराला हाकही मारता येत नाही. तरी एकदा वाट माहीत झाली की अवघड काही नाही.

उदाहरणाला ‘एज’ घेतो, कारण कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, खेळणाऱ्याला कुणी एकच मासिक सुचवायला सांगितलं तर मी तेच सुचवतो. ब्रिटनमधल्या बाथ शहरातल्या फ्यूचर या प्रकाशनाचं हे मासिक ऑक्टोबर १९९३ च्या अंकानं सुरू झालं. ते प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो यांपैकी कुणा एकाचं नाही. गेमच्या परीक्षणांखाली लिहिणाऱ्याचं नाव छापायची त्यांची पद्धत नाही, आणि दहापैकी दहा देताना हात फार आखडता. पहिले पूर्ण दहा गुण १९९६ साली ‘सुपर मारिओ ६४’ या गेमला मिळाले. १९९४ मध्ये ‘डूम’सारख्या गाजलेल्या गेमला त्यांनी ७ दिले होते. त्यावरून जुने वाचक अजून भांडतात.

आधी मासिक जिवंत आहे का ते बघा

यात हसण्यासारखं काही नाही. १९८८ मध्ये सुरू झालेलं ‘निन्टेन्डो पॉवर’ डिसेंबर २०१२ च्या अंकानं संपलं. एक्सबॉक्सचं अधिकृत मासिक २०२० मध्ये बंद झालं. ब्रिटनच्या अधिकृत प्लेस्टेशन मासिकानं २०२१ मध्ये ‘प्ले’ असं नाव घेतलं आणि २०२४ मध्ये तेही गेलं. अमेरिकेतलं ‘गेम इन्फॉर्मर’ ३३ वर्षं चालून ऑगस्ट २०२४ मध्ये एका दिवसात थांबलं, मग मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झालं. एकाच कंपनीच्या कन्सोलला बांधलेली मासिकं आधी जातात, असा माझा अनुभव. म्हणून संकेतस्थळावर ताज्या अंकाची तारीख बघा. ती तीन-चार महिने जुनी असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

मी स्वतः हा धडा महागात शिकलो. सवलतीच्या मोहानं एका मासिकाची दोन वर्षांची वर्गणी भरली. सात-आठ अंकांनंतर ते बंद पडलं आणि उरलेल्या वर्गणीच्या बदल्यात मला एक भलतंच मासिक येऊ लागलं, ज्यात मला काडीचा रस नव्हता. तेव्हापासून एका वर्षाच्या पुढे जात नाही, मग सवलत कितीही असो.

एक सुटा अंक मागवून वाचा

मुंबईत असाल तर फोर्टातल्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे नजर टाका. जुना परदेशी अंक कधी कधी हाती लागतो, आणि मासिकाचा पोत कळायला तो पुरतो. नाहीतर डिजिटल अंक एकच विकत घ्या. वाचताना स्वतःला विचारा, यातलं सहा महिन्यांनी पुन्हा काय वाचेन? बातम्या तर छापून येईपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. एखाद्या पातळीवर अडकलात तर उत्तर यूट्यूबवर दोन मिनिटांत मिळतं. छापील मासिकाचे पैसे वसूल होतात ते गेम कसा घडला यावरच्या लांबलचक लेखांत, मुलाखतींत आणि पानांच्या मांडणीत. लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि फुंकर मारून बसवायची कॅसेट आठवत असेल, तर ‘एज’पेक्षा त्याच प्रकाशनाचं ‘रेट्रो गेमर’ तुम्हाला जास्त भावेल. ते २००४ पासून निघतंय, मध्ये एकदा बंद पडून.

हिशोब तेरानं करा, बारानं नाही

‘एज’चे वर्षाला १३ अंक निघतात, साधारण दर चार आठवड्यांनी एक. समजा भारतात पाठवण्याच्या खर्चासह वर्षाचे १०० पौंड सांगितले, तर अंक ७ पौंड ७० पेन्सच्या आसपास पडला. त्यावर बँक परकीय चलनाचा आकार लावते. तो ३.५ टक्के धरला तर साडेतीन पौंड, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. रक्कम छोटी आहे, पण स्टेटमेंट बघून दचकायला नको.

फ्यूचरच्या मासिकांची वर्गणी ‘मॅगझिन्स डायरेक्ट’ या त्यांच्याच दुकानातून घेता येते. तिथे देश आधी निवडा, मग किंमत बघा. पहिल्या पानावरची भुरळ पाडणारी किंमत बहुतेक वेळा ब्रिटनमधल्या वाचकांसाठी असते, आणि ‘पहिले काही अंक जवळपास फुकट’ अशा योजना डायरेक्ट डेबिटवर, म्हणजे बँक खात्यातून आपोआप पैसे कापण्यावर, चालतात. त्याला तिथलं बँक खातं लागतं. लंडन-लेस्टरकडचे मराठी वाचक ती योजना जरूर घेऊ शकतात, फक्त चाचणीची मुदत संपायची तारीख फोनमध्ये लावून ठेवा, नाहीतर पूर्ण वर्गणी आपोआप सुरू होते.

कार्ड

बहुतेकांचं घोडं इथं अडतं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपणहून सुरू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा वर्गणीपेक्षा थोडी वर ठेवा आणि पैसे गेले की पुन्हा बंद करा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ ठेवा. यूपीआयची इथं आशा धरू नका.

दुसरं, आपोआप नूतनीकरणाच्या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांवर ई-मँडेटचे, म्हणजे बँकेला आधी द्यायच्या संमतीचे, नियम लागू झाले, आणि परदेशी दुकानांचे असे व्यवहार मध्येच नाकारले जातात. एकरकमी पैसे भरण्याचा पर्याय निवडा. पुढच्या वर्षी पुन्हा भरावे लागतील, पण त्या निमित्तानं मासिक अजून हवंय का हाही विचार होतो.

पत्ता

फॉर्ममध्ये पत्त्याला दोन-तीनच ओळी असतात, आणि आपले पत्ते ‘अमुक मंगल कार्यालयासमोर, तमुक डेअरीच्या मागे’ असे. पहिल्या ओळीत फ्लॅट आणि इमारत, दुसऱ्या ओळीत रस्ता आणि ओळखीची खूण. ‘काउंटी’ विचारलं तर महाराष्ट्र किंवा गोवा लिहा. पोस्टकोडच्या जागी सहा आकडी पिनकोड, मध्ये जागा न सोडता. मोबाइल नंबरआधी +९१ लावा. सगळं इंग्रजीत, आणि नाव पोस्टमन ज्या नावानं ओळखतो तेच.

मग वाट बघायची

पहिला अंक यायला दोन महिनेसुद्धा लागू शकतात. वर्गणी पुढच्या छापल्या जाणाऱ्या अंकापासून सुरू होते आणि पार्सलला सहसा ट्रॅकिंग नसतं. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर तुमचा अंक लिफ्टशेजारच्या टेबलावर बँकेच्या पत्रांखाली दबून राहतो. जुलै-ऑगस्टात पोस्टमनकाकांना अंक पेटीत न कोंबता हातात द्यायला सांगा. पावसात भिजलेली गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत, इस्त्री फिरवूनही नाही. मी फिरवून बघितली आहे.

पाकिटावरच्या लेबलावर तुमचा वर्गणीदार क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. अंक हरवला तर ग्राहक सेवेला ईमेल करताना क्रमांक, अंकाचा नंबर आणि पूर्ण पत्ता एकाच ईमेलमध्ये द्या. पुढचा अंक आला आणि मधला नाहीच, असं दिसलं की लगेच लिहा. वर्षअखेरीस एकदम तीन अंक मागितले तर मिळायची शक्यता कमी.

एवढा खटाटोप नको असेल तर २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅगझ्टर’सारख्या डिजिटल दुकानांकडे वळा. तिथे ‘हवं ते वाचा’ छापाची योजना घेतलीत तर ती थांबवली की अंकही जातात. ठेवायचे असतील तर सुटे विकत घ्या. तिसरा मार्ग ब्रिटनमधल्या मावशीचा. तिच्या पत्त्यावर भेट-वर्गणी घ्यायची आणि ती आली की सहा-सात अंक एकदम बॅगेतून. मात्र २३ किलोंच्या बॅगेत तुमच्या मासिकांपेक्षा चॉकलेटांना आधी जागा मिळणार, हे गृहीत धरा.

छापील वर्गणीचा एक फायदा दुकानातल्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. वर्गणीदारांच्या ‘एज’चं मुखपृष्ठ वेगळं असतं, मथळ्यांच्या गर्दीशिवाय, नुसतं चित्र. तेव्हा पाकीट दातांनी फाडू नका, कडेनं कात्री लावा.