अर्जेंटिनात बसने लांब निघताना: एक्स्चेंजवरच्या मुलांसाठी तयारी

डिसेंबरच्या मध्यावर शाळा संपते आणि मार्चपर्यंत सुट्टी लागते. अर्जेंटिनात एक्स्चेंजवर, म्हणजे वर्षभर तिथल्या घरात राहून तिथल्या शाळेत शिकायला, आलेली मुलं याच सुमारास नकाशा पुढ्यात घेऊन बसतात, मीही बसले होते. नकाशावर ब्युनोस आयरेसपासून बारिलोचे बोटभर अंतरावर दिसतं. प्रत्यक्षात ते सुमारे १,६०० किलोमीटर आहे आणि बसला वीस तासांच्या वर लागतात. मेंदोझा हजाराच्या थोडं पुढे, म्हणजे एक पूर्ण रात्र. इग्वासू १,३०० च्या आसपास, साल्टा त्याहून लांब. दक्षिणेला रिओ गायेगोस अडीच हजारांच्या पुढे, तिथे पोहोचेपर्यंत दोन रात्री बसमध्येच जातात. म्हणून मार्ग आखताना ठिकाणं मोजू नका, बसमधल्या रात्री मोजा. माझ्या पहिल्या वेळापत्रकात दहा दिवसांत सहा रात्री बसमध्ये होत्या. ज्या घरात मी राहत होते तिथल्या होस्ट आईने पेन्सिल घेऊन त्यातल्या तीन खोडल्या. आज मी कुणाला मार्ग आखून दिला तर तेच करीन. लागोपाठ दोन रात्री बसमध्ये काढल्या की तिसरी पलंगावरच हवी, नाहीतर ज्याच्यासाठी इतक्या लांब गेलो ते तळं किंवा तो धबधबा अर्धवट झोपेत बघितला जातो.

मार्ग ठरला की कागद. बॅग त्यानंतर. टॉवेल विसरला तर वाटेत विकत मिळतो, कागद मिळत नाही. ज्या संस्थेतर्फे आला आहात तिची प्रवासाला लेखी परवानगी घ्या. त्या पत्रावर मार्ग, तारखा, सोबत कोण आणि प्रत्येक मुक्कामाचा पत्ता असू द्या. वाटेत ते पत्र मागणारं फारसं कुणी भेटणार नाही, पण ज्या घरात तुम्ही पोटच्या पोरासारखे राहता आहात त्या घरच्यांचा जीव त्यानेच थाऱ्यावर राहतो. एक प्रत त्यांच्या फ्रिजवर लावून निघा. पासपोर्ट मूळ प्रतीतला हवा. डीएनआय, म्हणजे अर्जेंटिनाचं ओळखपत्र, हातात आला असेल तर तोही घ्या, नसेल आला तर ‘प्रेकारिया’ म्हणतात ते तात्पुरत्या वास्तव्याचं पत्र छापून घ्या. तिकिटावर ज्या कागदाचा क्रमांक घातला असेल तोच चढताना दाखवायचा असतो, म्हणून सगळी तिकिटं एकाच कागदावर काढा. वय १८ च्या आत असेल आणि देशाची हद्द ओलांडायची असेल तर आई-वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्यावर ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि त्याचं अधिकृत स्पॅनिश भाषांतर एवढं सगळं जवळ हवं. हे घरून मागवायचं असल्यामुळे सुट्टी लागायच्या दोन-तीन महिने आधी सुरुवात करा.

पिवळ्या तापाच्या लशीचं कार्डही याच पाकिटात ठेवा. इग्वासू ज्या मिसिओनेस प्रांतात आहे तिथल्या जंगलासाठी ही लस सुचवली जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे. परत आल्यावर विमानतळावर कार्ड मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग होत नाही.

आता देशाच्या दक्षिण टोकाच्या उशुआइया शहराबद्दल. जवळजवळ प्रत्येकाच्या मनात ते शेवटचं टोक असतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. तिएर्रा देल फ्वेगो हे बेट आहे आणि मुख्य भूमीवरून तिकडे जाणारा गाडीरस्ता चिलीतून जातो. रिओ गायेगोसहून निघालेली बस सीमा ओलांडून चिलीत शिरते, मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर फेरीबोटीत चढते, पलीकडे पुन्हा चिलीच्याच जमिनीवरून धावते आणि सान सेबास्तियानच्या सीमानाक्यावर परत अर्जेंटिनात येते. एका दिवसात दोनदा देश सोडायचा आणि दोनदा देशात शिरायचं. तिकीट मात्र एका अर्जेंटिनी शहरापासून दुसऱ्या अर्जेंटिनी शहरापर्यंतचं असतं, त्यामुळे खिडकीवर व्हिसाचा विषय निघत नाही. भारतीय पासपोर्टवर चिलीचा व्हिसा आधीच काढलेला लागतो. शिवाय अर्जेंटिनाचा व्हिसा किंवा वास्तव्याचा कागद बाहेर जाऊन परत येऊ देणारा हवा. तो एकाच प्रवेशाचा असेल तर चिलीत शिरता येईल, पण मागे फिरताना अडकाल.

मी बरोबरच्या एका मुलाची यादी उतरवून घेतली होती. त्याचा पासपोर्ट युरोपातला होता, त्याला चिलीसाठी काहीच लागत नव्हतं. माझ्या हे निघायच्या दोन आठवडे आधी लक्षात आलं. तेवढ्या दिवसांत व्हिसा होण्यासारखा नव्हता. बसचं तिकीट रद्द केलं आणि रिओ गायेगोसपासून पुढे विमानाने गेले. तो प्रवास देशांतर्गत असल्यामुळे चिलीचा प्रश्न येत नाही. गटातले बाकीचे बसने पुढे गेले आणि मी विमानतळावर एकटी बसले होते, ते दुपारभर मनाला लागून राहिलं. म्हणून सांगते, यादी आपल्या पासपोर्टची आपणच करा. मेंदोझाहून सांतियागोला जाणारी बस, बारिलोचेहून पुएर्तो मोंतला जाणारी बस, एल कालाफातेहून पुएर्तो नातालेसची बस, सगळीकडे हाच नियम. इग्वासूला ब्राझीलच्या बाजूने धबधबा बघायचा तर शहरातल्या साध्या बसने अर्ध्या-पाऊण तासात पलीकडे जाता येतं, पण त्याला ब्राझीलचा व्हिसा लागतो.

चिलीच्या सीमेवर खाण्याचे जिन्नस फार काटेकोरपणे तपासतात. ताजी फळं, भाज्या, मांस नेता येत नाही, आणि मधापासून बियांपर्यंत जे काही असेल ते फॉर्मवर लिहून द्यायचं. शंका असेल तर ‘आहे’ असंच लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड असतो. आणि अशी तपासणी फक्त दुसऱ्या देशाच्या सीमेवरच होते असं नाही. देशाच्या दक्षिण भागात, म्हणजे पॅटागोनियात, शिरतानाही तपासणीचं नाकं आहे. फळमाशी आणि जनावरांचे रोग तिकडे पोहोचू नयेत म्हणून रिओ कोलोरादो नदीच्या आसपास बसेस थांबवतात. होस्ट आईने मला अंगणातल्या झाडाचे आलुबुखार दिले होते, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून. पहाटे दिवे लागले, गणवेशातली बाई आत आली आणि फळं कुणाकडे आहेत विचारलं. मी पिशवी पुढे केली. तिने समजुतीच्या सुरात सांगितलं की इथे उभी राहून खाल्लेस तर चालेल. बसच्या पायरीजवळ, थंडीत, मी त्यातले चार खाल्ले आणि बाकीचे तिच्या डब्यात टाकले. तुम्हाला कुणी फळं दिली तर ती नाक्याच्या अलीकडे संपतील एवढीच घ्या.

तिकिटाचं थोडक्यात. लांबच्या बसला इथे ‘मिक्रो’ म्हणतात, ‘कोलेक्तिवो’ म्हणजे शहरातली बस. ‘सेमी-कामा’त एका ओळीत चार सीट आणि पाठ अर्धवट मागे जाते, ‘कामा’त एका ओळीत तीनच सीट, रुंद, पाठ बरीच खाली जाते. बारा तासांपर्यंत सेमी-कामा पुरते. त्याच्या वर असेल तर पैसे वाचवायचे ते मुक्कामात वाचवा, सीटवर नको. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट सगळे मागतात. देखावा खरंच सुंदर दिसतो, पण दिवसभर काचेतून ऊन येतं आणि अपघातात सर्वांत आधी तीच जागा सापडते. मी मधल्या ओळीतली घेते, आणि सीटबेल्ट झोपतानाही सोडत नाही. जानेवारीत आणि ईस्टरच्या आठवड्यात इथले लोकही प्रवासाला निघतात, तेव्हा तिकीट बऱ्याच आधी काढा. वेळ २४ तासांच्या पद्धतीने छापतात. शुक्रवार ००:३० म्हणजे गुरुवारी रात्री जेवण उरकून निघायचं, हे तिकीट हातात आल्याबरोबर कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ब्युनोस आयरेसचं रेतिरो टर्मिनल मोठं आहे, रेल्वे स्थानकाच्या शेजारीच लांबलचक पसरलेलं. तिकिटावर एक फलाट क्रमांक नसतो, ‘३६ ते ४४’ असा पट्टा असतो. नेमका आकडा बस लागायच्या थोडा आधी पडद्यावर येतो. तासभर आधी पोहोचा, त्या पट्ट्याच्या मध्यावर उभे राहा, बॅग दोन पायांत आणि फोन खिशात. बस आली की डिकीत सामान ठेवणारा बॅगेला चिठ्ठी लावतो आणि तिचा अर्धा तुकडा तुमच्या हातात देतो. त्याला थोडी टीप द्यायची पद्धत आहे, सुट्टे आधीच काढून ठेवा. तो अर्धा तुकडा पासपोर्टबरोबर ठेवा, त्याच्याशिवाय उतरताना बॅग मिळत नाही.

आता सामान, आणि इथे माझं मत ठाम आहे. काय घ्यायचं यापेक्षा कुठे ठेवायचं ते आधी ठरवा, कारण डिकीत गेलेली वस्तू पुढचे वीस तास तुमची नसते. मी तीन ठिकाणं करते. अंगावर: कपड्यांच्या आतल्या चपट्या पाउचमध्ये पासपोर्ट, एक कार्ड आणि निम्मी रोकड. पायाशी: लहान सॅक, तिचा एक पट्टा पायात अडकवलेला. वरच्या फळीवर काहीही ठेवू नका, झोप लागल्यावर तिथलं सामान दुसऱ्या थांब्यावर उतरलेलं असू शकतं. बाकीचं डिकीत. लहान सॅकमध्ये जाकीट, लोकरी मोजे आणि मफलर जानेवारीतसुद्धा हवेतच. बाहेर तीस-पस्तीस अंश असले तरी रात्री एसी इतका थंड करतात की पातळ पांघरूण पुरत नाही. मानेची उशी, डोळ्यांवरची पट्टी, इअरप्लग, कारण पुढच्या पडद्यावर सिनेमा उशिरापर्यंत चालतो. टिश्यूचं पाकीट आणि सॅनिटायझर, कारण बसमधल्या संडासात कागद आणि पाणी निघाल्यावर काही तासांतच संपतं. तो फक्त लघवीपुरता असतो, बाकी थांब्यावर, म्हणून थांबा आला की झोपेतूनही उठून जाऊन या. टूथब्रश, एक बदलायचा शर्ट, गाडी लागण्याच्या गोळ्या, तुमच्या नेहमीच्या औषधांचा पूर्ण साठा मूळ पाकिटात. पॉवर बँक. इथलं सॉकेट तिरप्या दोन पिनांचं असतं, तो ॲडॅप्टर.

शाकाहारी असाल तर बसमधल्या जेवणावर विसंबू नका. ट्रेमध्ये बहुतेक वेळा हॅम-चीज सँडविच येतं. ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ असं सांगितलं तरी हॅम किंवा कोंबडी येते, कारण इथल्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे गाईचं मांस. म्हणून एकेक नाव घ्या: सिन कार्ने, सिन हामोन (हॅम), सिन पोशो (कोंबडी), सिन पेस्कादो (मासे). तरीही स्वतःचं बरोबर असू द्या. चीजची किंवा मक्याची एम्पनादा, म्हणजे इथली करंजी, एक दिवस टिकते. बिस्किटं, शेंगदाणे, आल्फाहोर (मध्ये गोड सारण भरलेली बिस्किटं), आणि दोन लिटर पाणी. एक लहान थर्मास घेतलात तर टर्मिनलवर आणि पेट्रोल पंपांवर माते हा इथला पानांचा काढा पिणाऱ्यांसाठी गरम पाणी मिळतं, त्यात सूप किंवा चहा होतो. शेजारच्याने मातेचा कप पुढे केला तर घ्या. कप परत देताना ‘ग्रासियास’ म्हणालात तर ‘आता पुरे’ असा अर्थ होतो, म्हणून ते शेवटच्या घोटानंतरच.

उत्तरेकडे हुहुई, साल्टाच्या बाजूला जात असाल तर दोन गोष्टी. उन्हाळा हाच तिथला पावसाळा, दरड कोसळून रस्ता बंद पडतो, म्हणून पुढच्या बसच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. आणि उंची: पुर्मामार्का गावाहून सालिनास ग्रांदेसच्या मिठाच्या मैदानाकडे जाताना रस्ता ४,१७० मीटरवर चढतो. आदली रात्र पुर्मामार्कात काढा, हळू चाला, पाणी पीत राहा. तिथे लोक कोकाची पानं चघळतात आणि अर्जेंटिनाच्या कायद्याने ते चालतं, पण एक पानही बॅगेत घेऊन सीमा ओलांडू नका.

पेसोचे भाव झपाट्याने बदलतात, म्हणून रकमेचा अंदाज निघायच्या आठवड्यात करा, महिनाभर आधीचा चालणार नाही. एटीएममधून एका वेळी थोडेच पैसे निघतात आणि प्रत्येक वेळी शुल्क बसतं. डॉलर असतील तर शंभराच्या नव्या, न दुमडलेल्या नोटांना चांगला भाव मिळतो. पॅटागोनियात तासन् तास रेंज नसते, तेव्हा नकाशे आणि मुक्कामाचे पत्ते फोनमध्ये उतरवून घ्या, आणि एकदा कागदावरही लिहा. घरी भारतात सांगून ठेवा की मेसेज आला नाही तर घाबरायचं नाही. घड्याळात साडेआठ तासांचा फरक आहे. तुमच्या दुपारी बाराला तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, फोन त्या सुमारास ठरवा.

आदल्या संध्याकाळी एक करून बघा. लहान सॅक पायाशी घेऊन खुर्चीत बसा, दिवा बंद करा आणि नुसत्या हाताने जाकीट, पाणी, गोळ्या, चार्जर शोधा. जे सापडणार नाही त्याची जागा बदला. माझ्या गोळ्या त्या संध्याकाळी सापडल्या नव्हत्या, म्हणून मी त्या बाजूच्या कप्प्यात हलवल्या, आणि दुसऱ्या रात्री घाटात मला त्या न उठता मिळाल्या. होस्ट आईचा नंबर फोनमध्ये सगळ्यांत वर आणा. उतरल्यावर बॅग हातात आली की पहिला मेसेज तिला, ‘शेगे बिएन’, सुखरूप पोहोचले. ती जागीच असते.