शाळेचे वातावरण सुधारताना या चुका टाळा

शाळा सुधारण्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा रंगरंगोटी आणि बोलक्या भिंतींपाशी येऊन थांबते. शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती येणारा तुटपुंजा निधी दर्शनी भिंतीवर खर्च करणे ही पहिली चूक होय. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याच्या सुरक्षित पाण्याची अट आहे. प्रत्यक्षात स्वच्छतागृह बांधलेले असते, पण त्याला कुलूप असते, आतली कडी तुटलेली असते किंवा नळाला पाणी नसते. मुली दिवसभर पाणी पिणे टाळत असतील किंवा दर महिन्याला ठरावीक दिवस गैरहजर राहत असतील, तर पालकांना बोलावण्याआधी ती कडी तपासावी.

वर्गातील बेशिस्तीचे कारण केवळ मुलांच्या स्वभावात शोधणे ही याहून खोलवर रुजलेली चूक आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की शिक्षकांना ओरडूनच शिकवावे लागते, मागच्या बाकांवर काही पोहोचत नाही, तिथली मुले आपसात बोलू लागतात आणि मग त्याच चढ्या आवाजात त्यांना रागावले जाते. वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मुसळधार पावसात पत्र्याखाली ते अशक्यच. पत्र्याखाली आतून छत बसवणे हा खरा उपाय, मात्र तो खर्चिक आहे. तोवर जोराच्या सरींच्या वेळी लेखन किंवा मूकवाचन घ्यावे आणि मुलांना फळ्याजवळ अर्धवर्तुळात बसवावे.

गुणांनुसार बाके लावण्याची प्रथाही सोडावी. ज्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, तिथे ‘हुशार’ मुलांची वेगळी रांग शोभत नाही. दर आठवड्याला जागा बदलल्या, तर पैसाही लागत नाही.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगली, तर ती रिकामीच राहते, कारण चिठ्ठी टाकणारे मूल सर्वांना दिसते. ती जाण्यायेण्याच्या वाटेवर, पण आडोशाला असावी आणि ठरलेल्या दिवशी पालक प्रतिनिधीसमोर उघडावी.

पंचगंगेकाठच्या चिखली, आंबेवाडीसारख्या गावांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पाणी ओसरताच ओल्या भिंतींना रंग दिल्यास पोपडे सुटतात आणि बुरशी धरते; भिंती पूर्ण वाळेपर्यंत दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बुडालेला अभ्यासक्रम भरून काढण्यासाठी पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊ नये. कोणाची वह्या-पुस्तके भिजली, हे भर वर्गात हात वर करायला लावून विचारू नये. ती यादी वर्गशिक्षकांनी पालकांकडून घ्यावी.