‘सॉफ्टवेअरचं नंतर बघू’

दुर्बिणीच्या नव्या उपकरणाचं सॉफ्टवेअर तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर ते बहुधा बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांत पडलं असेल. ऑप्टिक्सवाल्यांचं बोलून झालेलं, डिटेक्टरवाल्यांचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवाल्यांचं, भांडून झालेलं, आणि कुणीतरी म्हणतं, “सॉफ्टवेअरचं नंतर बघू, हिला पायथन येतं की.” माझं अगदी असंच झालं. वर मी खूशही झाले होते, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

बायस, फ्लॅट, ओव्हरस्कॅन या चित्राच्या नेहमीच्या दुरुस्त्या तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही. आराखड्यात चार कामं वेगवेगळी मांडा: डिटेक्टर चालवणारा प्रोग्रॅम, दुर्बिणीशी बोलणारा भाग, कच्च्या चित्रांतून मोजमापं काढणारी रिडक्शनची पाइपलाइन आणि किती वेळ प्रकाश टिपायचा ते सांगणारा एक्सपोजर कॅल्क्युलेटर. शेवटचं सगळेच विसरतात आणि निरीक्षणाचे प्रस्ताव मागवायच्या आदल्या आठवड्यात ते तुमच्याकडेच येतं. प्रत्येक कामासमोर माणसाचं नाव लिहा, ‘टीम’ असं लिहू नका. उपकरण बनवणारे दुर्बिणीवर ते बसवून निघून गेल्यावर कोण बघणार, तेही आत्ताच लिहून घ्या.

आता मी जिथे फसले ते. खगोलशास्त्रातली चित्रं ज्यात ठेवतात त्या फिट्स फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, ‘डेट-ऑब्स’ नावाची ओळ असते. ती आपण हजार वेळा वाचलेली असते, म्हणूनच तिच्याकडे बघत नाही. ती वेळ नक्की कोणत्या क्षणाची? शटर उघडलं तेव्हाची, एक्सपोजरच्या मधली, शटर मिटलं तेव्हाची, की फाइल डिस्कवर लिहिली तेव्हाची? फिट्सचं मानक सांगतं की शेऱ्यात दुसरं काही स्पष्ट केलं नसेल तर ती सुरुवातीची वेळ धरा. ८० अक्षरांच्या त्या ओळीत तिरक्या रेघेनंतर शेऱ्याला जागा असते. आमच्याकडे तिथे लिहिलं होतं, ‘निरीक्षणाची वेळ’. झालं! मी सुरुवात धरली, अर्धं एक्सपोजर मिळवलं, मध्यवेळ काढली आणि पुढे गेले.

प्रत्यक्षात डिटेक्टरचा प्रोग्रॅम रीडआउट, म्हणजे चिपवरचं चित्र वाचून घेणं, संपल्यावर फाइल तयार करायचा, आणि त्या क्षणी संगणकाला वेळ विचारून ती हेडरमध्ये टाकायचा. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते अगदी स्वाभाविक होतं, हेडर तयारच तेव्हा होत होता. ३०० सेकंदांचं एक्सपोजर, ४० सेकंदांचं रीडआउट, म्हणजे शिक्का सुरुवातीनंतर ३४० सेकंदांनी. त्यात मी आणखी १५० मिळवत होते. खरी मध्यवेळ सुरुवातीनंतर १५० सेकंदांवर, माझी ४९० वर. ६० सेकंदांच्या एक्सपोजरला मात्र चूक १०० सेकंदांचीच. चूक कायम एकच असती तर कुणीतरी पहिल्याच महिन्यात पकडली असती. ती एक्सपोजरबरोबर बदलत होती, म्हणून ती चूक न दिसता खगोलशास्त्र दिसत होतं.

आमच्या एका विद्यार्थ्याला ग्रहणकारी जोडताऱ्याच्या, म्हणजे आलटून पालटून एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांच्या, वेळापत्रकात हेलकावा सापडला. कधी ग्रहण दीड मिनिट उशिरा, कधी साडेपाच मिनिटं. त्यांना ओढणारा तिसरा तारा असेल असं त्याने मांडलं, मसुदाही लिहिला. मी आठवडाभर बॅरिसेंट्रिक दुरुस्ती (पृथ्वीवरची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेणं) तपासत बसले, कारण ती आठ मिनिटांपर्यंत जाते आणि संशयाला सोपी. शेवटी त्याने एका कागदावर एक्सपोजर आणि उशीर शेजारी शेजारी लिहिले. ठिपके सरळ रेषेत बसले. तिसरा तारा गेला. माझ्याकडे बघून तो काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं.

ताऱ्याचा वेग मोजणारा स्पेक्ट्रोग्राफ असेल तर हसू नका. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे विषुववृत्तावरची वेगाची दुरुस्ती सेकंदाला ३.४ सेंटिमीटर प्रतिसेकंद इतक्या वेगाने बदलू शकते. ३४० सेकंद चुकलात की ११ मीटर प्रतिसेकंदाहून जास्त. गुरू सूर्याला हलवतो ते साडेबारा मीटर प्रतिसेकंद.

म्हणून हेडरचा वेगळा दस्तऐवज करा, प्रत्येक ओळ कोण लिहितं, कोणत्या क्षणी, कोणत्या घड्याळावरून. ‘डेट-बेग’, ‘डेट-एव्हीजी’, ‘डेट-एंड’ ही नावं मानकात आहेत, वापरा. कोणती कालप्रणाली ते सांगणारं ‘टाइमसिस’ही भरा, यूटीसी (रोजची जागतिक वेळ) आणि टीएआय (अणुघड्याळांची वेळ) यांच्यामध्ये २०१७ पासून ३७ सेकंदांचं अंतर आहे. आणि कागदावर विश्वास ठेवू नका. जीपीएसवर चालणारा एलईडी कॅमेऱ्यासमोर धरा, ठरलेल्या सेकंदाला एकदाच लुकलुकवा. दहा सेकंदांचं एक्सपोजर हेडरप्रमाणे सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी झालेला झोत चित्रात दिसलाच पाहिजे, बारा सेकंदांनी झालेला दिसता कामा नये. हेच तीस सेकंदांवरही करा. एका दुपारचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

जुन्या उपकरणाची पाइपलाइन उचलून नावं बदलायची, हा सल्ला तुम्हाला सगळ्यात प्रेमळ माणूस देईल. माझ्या सरांनीच दिला होता. तिच्यातली गृहीतकं कुणाला आठवत नसतात, मीही ‘सुरुवातीची वेळ’ तिथूनच उचलली. आयराफ या जुन्या खगोल-सॉफ्टवेअरमधल्या वीस वर्षांपूर्वीच्या स्क्रिप्ट आदराने वाचा, चालवू नका. आणि खरं सांगायचं तर मला सरांपेक्षा रात्रपाळीच्या ऑपरेटरने जास्त शिकवलं. पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाही, हे त्यांनी मला दुसऱ्याच रात्री सांगितलं होतं. मी म्हणाले, “नेटवर्कचा उशीर असेल.”

घाबरू नका, यातलं बरंच परत मिळवता येतं. सोळा बिटांच्या फाइलमध्ये ‘बीझीरो’ (प्रत्येक आकड्यात किती मिळवायचं ते सांगणारी हेडरची ओळ) हरवून आकाशाची पार्श्वभूमी ऋण झाली, तर ३२७६८ मिळवून सुटता. आमच्या वेळाही बहुतेक सुटल्या. रीडआउटचा काळ ठरलेला होता, एक्सपोजर हेडरमध्येच होतं, उलटी वजाबाकी केली. विद्यार्थ्याने मसुदा ठेवून दिला आणि पुढच्या वर्षी त्याच ताऱ्यावर साधा, चांगला पेपर केला.

फक्त मधल्या तीन आठवड्यांत कुणीतरी रीडआउटचा वेग बदलून पाहत होतं, आणि कधी कोणता वेग होता हे हेडरमध्ये कुठेच नव्हतं. ऑपरेटरच्या वहीतून सहा रात्री सापडल्या. उरलेल्या फाइलींवर संग्रहात अजून माझा शेरा आहे: ‘वेळ वापरू नये’.