ठसा पुसट, पाकळी पसरट: फुलांची ग्रीटिंग कार्डं करताना या चुका टाळा

कार्ड बिघडलं की आपण पहिला दोष हाताला देतो. "माझा हातच बसत नाही," असं मीही म्हणायचे आणि फसलेली कार्डं एका खोक्यात टाकत राहायचे. एकदा ते खोकं उपडं केलं आणि काय बिघडलंय ते बघून कार्डांचे गठ्ठे लावले. हात हलल्यामुळे वाया गेलेली कार्डं मोजकीच निघाली. उरलेल्या बहुतेक कार्डांवर एकतर शाई जास्त झाली होती, नाहीतर आधी करायचं काम मागाहून केलं होतं.

नवा स्टॅम्प शाई धरत नाही

पारदर्शक फोटोपॉलिमरचे (मऊ प्लॅस्टिकसारखे) स्टॅम्प नवे असताना हे हमखास होतं. शाई त्यांच्यावर पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते आणि पाकळी ठिपकेदार उमटते. मग आपण पॅड आणखी दाबतो आणि पाकळ्यांमधल्या रेषाही बुजवून टाकतो. खरं कारण म्हणजे स्टॅम्प तयार होताना त्यावर राहिलेला गुळगुळीत थर. पांढरं मऊ खोडरबर त्यावर हलक्या हाताने फिरवा, साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि पहिले दोन-तीन ठसे रद्दी कागदावर घ्या. सँडपेपर मात्र लावू नका. चुकून जोर लागला तर नाजूक रेषा कायमच्या जातात.

शाई लावतानाही आपण उलटं करतो. स्टॅम्प पॅडवर दाबला की शाई खाचांमध्ये शिरते. स्टॅम्प उताणा धरून पॅडच त्यावर हलकेच टेकवत न्या. कागदावर ठेवल्यावर सरळ खाली दाबा. डुलत्या खुर्चीसारखा मागेपुढे डुलवलात की स्टॅम्पच्या कडा कागदाला लागतात आणि फुलाभोवती नको ती चौकट उमटते. मोठं फूल मधेच पुसट येत असेल तर कागदाखाली पातळ फोमची शीट ठेवा आणि स्टॅम्प ज्यावर चिकटवलाय त्या ठोकळ्यावर बोटांनी सगळीकडून दाब द्या. तरीही एखादी रेषा राहिलीच, तर त्याच रंगाच्या बारीक पेनाने ती जोडून घ्या. अंदाजाने दुसरा ठसा मारलात की एका फुलाची दोन झालीच म्हणून समजा.

शाई आणि कागदाची जोडी जमत नाही

डाय शाई पातळ असते, कागदात मुरते आणि लवकर वाळते, पण उन्हात फिकी पडते. पिगमेंट शाई दाट असते. ती कागदाच्या वरच राहते आणि वाळायला वेळ घेते. शाई न शोषणाऱ्या गुळगुळीत कागदावर, म्हणजे वेलमसारख्या (अर्धपारदर्शक कागदाच्या) पृष्ठभागावर, पिगमेंट शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. तिथे सॉल्व्हंट शाईच हवी, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकात बनवलेली.

फुलांच्या कार्डात मोठा घोटाळा होतो तो बाह्यरेषा छापून आत रंग भरताना. साध्या डाय शाईच्या रेषेवर जलरंगाचा ओला ब्रश फिरला की काळी रेषा गुलाबी पाकळीत उतरते. जलरंग वापरायचे असतील तर पाण्याने न विरघळणारी शाई घ्या. अल्कोहोल मार्करचं गणित उलटं असतं. पाण्याला न दबणारी सॉल्व्हंट शाई त्यांच्यापुढे मात्र पसरते. डब्यावरचा मजकूर वाचत बसण्यापेक्षा त्याच कागदाच्या तुकड्यावर एक ठसा घ्या, तो वाळू द्या आणि जो रंग वापरणार तोच त्यावरून फिरवा. दोन मिनिटांत कळतं.

कागद ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम), म्हणजे रोजच्या झेरॉक्सचा असेल तर काही केलं तरी तो लाटेसारखा वाकणार. कार्डाच्या मुख्य अंगासाठी २५० ते ३०० जीएसएमचा घ्या. बारीक रेषांच्या स्टॅम्पना गुळगुळीत कागद लागतो. खरबरीत जलरंगी कागदावर त्याच रेषा तुटक येतात. मला तसा तुटक ठसा रानफुलांसाठी आवडतो, पण तो मुद्दाम आणलेला असावा.

स्टेन्सिलखालून रंग झिरपतो

माझ्या खोक्यातला सगळ्यात उंच गठ्ठा हाच होता. पाकळीची कड कुरतडल्यासारखी दिसते आणि आपण स्टेन्सिल, म्हणजे फुलाच्या आकाराची भोकं कापलेली शीट, नीट चिकटवली नाही म्हणून हळहळतो. चिकटवणं गरजेचं आहेच. कमी चिकटणारी टेप चारही बाजूंना लावा, पण त्याआधी ती एकदा कपड्यावर दाबून तिची चिकट ताकद कमी करा, नाहीतर निघताना कागदाचा पापुद्रा घेऊन निघते. तरीही झिरपण्याचं मूळ टेपमध्ये नसतं. स्टेन्सिल आणि कागद यांच्यात केसाएवढी फट असते, आणि ओला रंग केशाकर्षणाने आपसूक त्या फटीत ओढला जातो. रंग जितका पातळ आणि जितका जास्त, तितका तो आत पळतो.

म्हणून ब्रश किंवा स्पंज जवळजवळ कोरडा हवा. रंग घेतल्यावर तो टिश्यूवर टेकवून काढून टाका, अगदी "आता काहीच उरलं नाही" असं वाटेपर्यंत. मग ब्रश उभा धरून टेकवत जा किंवा हलक्या गोलाकार हालचाली करा. सुरुवात स्टेन्सिलच्या बंद भागावर करायची आणि तिथून उघड्या पाकळीत यायचं. थेट पाकळीत ब्रश ठेवलात की पहिल्याच स्पर्शाचा गडद डाग पडतो, आणि तो मग मिसळत नाही. एक थर गडद मारण्यापेक्षा तीन फिके थर द्या. पाकळीच्या कडेला आणि देठाकडे जरा जास्त, मधे कमी, एवढ्यानेच फुलाला गोलाई येते.

रंगांचं एक लक्षात ठेवा. डाय शाई पारदर्शक असते, त्यामुळे खालचा रंग वर दिसतोच. लाल पाकळीची कड ओली असताना शेजारी हिरवं पान रंगवलंत तर मधे तपकिरी चिखल होतो. जांभळ्या-पिवळ्याचंही तसंच. फिका रंग आधी, गडद मागाहून, आणि प्रत्येक रंगाला वेगळा ब्रश.

स्टेन्सिल उलटी करून आरशातली प्रतिमा घेताना तिची रंगाची बाजू पुसायला मी इतक्या वेळा विसरले आहे की आता ओलं फडकं टेबलावरच असतं.

स्टेन्सिल स्वतः कापत असाल तर फुलाचा मधला गोल सुटून पडणार नाही हे आधी बघा. त्याला पाकळ्यांशी जोडणारे २-३ मिलिमीटरचे पूल ठेवावेच लागतात. आणि लहान भोकं आधी कापा, मोठी मागाहून. मोठी आधी कापली की शीट लुळी पडते आणि लहान भागांपाशी फाटते.

स्टेन्सिलमधून टेक्स्चर पेस्ट (वाळल्यावर उठून दिसणारा दाट लेप) लावताना हात आवरता येत नाही, हेच दुखणं. चपटी पट्टी तिरकी धरून एकाच दिशेने ओढा आणि थांबा. पुन्हापुन्हा फिरवलं की पेस्ट खाली शिरते. स्टेन्सिल सरळ वर उचला आणि ताबडतोब पाण्यात टाका. पेस्ट वाळवायला गरम हवा जवळून मारली तर फुगे येतात, तिला आपली आपण वाळू द्या.

मागचं फूल आधी छापलं जातं

चित्र काढताना आपण मागून पुढे येतो, म्हणून गुच्छातही मागची फुलं आधी छापावीशी वाटतात. ठशांच्या कामात नेमकं उलटं असतं. पुढचं फूल आधी छापायचं, मग तेच फूल चिकट चिठ्ठीच्या कागदावर छापून कापायचं, तो मुखवटा पहिल्या फुलावर ठेवायचा आणि मागचं फूल अर्धं मुखवट्यावर येऊ द्यायचं. मुखवटा रेषेच्या किंचित आतून कापा. बाहेरून कापलात तर दोन फुलांमध्ये पांढरी फट राहते. पानं सगळ्यात शेवटी, मुखवटे तसेच ठेवून. मागची पानं फिकी हवी असतील तर स्टॅम्प एकदा रद्दीवर टेकवा आणि दुसरा ठसा कार्डावर घ्या.

शुभेच्छेची ओळही अशीच आधी ठरवायची. गुच्छ भरगच्च करून झाल्यावर अक्षरांना जागा शोधली की ती कोपऱ्यात अंग चोरून बसतात. मी तर मजकूर आधीच छापते. तो वाकडा आला तर फक्त कागद जातो, तासाभराची मेहनत जात नाही.

उठावाची पावडर जिथे नको तिथे चिकटते

उठावाची पावडर ओल्या ठशावर टाकतात आणि तापवून वितळवतात, म्हणजे ठसा उठून दिसतो. ती नको तिथे चिकटण्याची बोटांचं तेल आणि स्थिर वीज ही दोन कारणं. ठसा घेण्याआधी कागदावर कोरडी टाल्कम पावडर हलकेच फिरवून झटका. केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही. तो पुरेसा तापत नाही आणि उठावाची पावडर उडवतो. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) आधी बाजूला धरून तापवा, मग कागदावर न्या. पावडर वितळून चकाकली की पुढे सरका. जास्त तापली तर ती कागदात मुरून निस्तेज, तेलकट दिसते.

घडी आणि गोंद

जाड कागदाची घडी फाटते तेव्हा बहुतेक वेळा ती तंतूंच्या आडवी घातलेली असते. कागद दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघा, कमी विरोध होईल त्या दिशेने घडी घाला. त्याआधी पट्टी लावून बोथट टोकाने खाच पाडा आणि खाच बाहेर, उंचवटा आत राहील अशी घडी मोडा. हे सगळं सजावटीच्या आधी.

ए-५ कागद दुमडून १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. त्यावर चिकटवायचं चित्र ९५ × १३८ घेतलं तर चारही बाजूंना ५ मिलिमीटरची कड दिसते. ११४ × १६२ च्या सी-६ पाकिटात ते सहज जातं, पण फोम टेपचे दोन थर दिलेत तर पाकीट फुगतं. ओला पांढरा गोंद सगळीकडे फासू नका. चित्र चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

आणि तरीही डाग पडलाच तर? देठाजवळ असेल तर त्यावर एक गडद पान छापा. कोऱ्या जागेत असेल तर तिथे वेगळ्या कागदावर छापलेली कळी कापून लावा. सगळं कार्डच गेलं असेल तर त्यातली चांगली फुलं रेषेलगत कापून डबीत ठेवा. कापलेल्या पांढऱ्या कडेवर त्याच रंगाचा मार्कर फिरवला आणि खाली फोम टेप लावली, की पुढच्या कार्डावर ती मुद्दाम केल्यासारखी बसतात. माझ्या खोक्यातली निम्मी कार्डं तशीच कापून संपली.