तोतया उमराव आणि त्याच्या मागावरचा गुप्तहेर : हॉलिवूडचा जुना रहस्यपट कसा पाहावा

हॉलिवूडच्या सुरुवातीच्या काळातला एखादा रहस्यपट आज पाहायला बसले की पहिल्या वीस मिनिटांतच अनेकांचा हिरमोड होतो. उंची कपड्यांतला, गोड बोलणारा, सरदार किंवा राजपुत्र म्हणवणारा माणूसच चोर आहे हे कोणालाही कळते आणि मग उरलेला तासभर कशासाठी बसायचे, असा प्रश्न पडतो. हा प्रश्न पडतो तो चित्रपट चुकीच्या बाजूने पाहिल्यामुळे. गुन्हेगार कोण हे या चित्रपटांना फार काळ लपवायचेच नसते. खोटा माणूस खरा कसा ठरतो, त्याला खरा कोण ठरवते आणि ते ठरवणे मोडून काढायला पोलिसाला काय करावे लागते, हे त्यांचे खरे रहस्य असते. ते दिसावे यासाठी पाहण्याची एक पद्धत लावून घ्यावी लागते आणि ती पद्धत येथे क्रमाने मांडतो.

मराठी प्रेक्षकाला या कामात एक सोय आहे, ती म्हणजे 'तोतया' हा शब्द. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच आहोत असे सांगत एक माणूस पुढे आला, त्याच्यामागे माणसे आणि किल्ले उभे राहिले, आणि शेवटी 1776 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. ही हकिगत आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती आठवून पाहा. त्या माणसाचे स्वतःचे बोलणे एवढेसे होते. त्याला मोठे केले ते 'होय, हेच भाऊसाहेब' म्हणणाऱ्यांनी. तोतया स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, साक्षीदार त्याला उभा करतात. एवढे सूत्र मनात धरून पडद्यासमोर बसले की जुना रहस्यपट एकदम वेगळा दिसू लागतो.

सुरुवात करण्यासाठी मी दोन चित्रपट सुचवतो आणि तेही उलट्या क्रमाने, म्हणजे आधी बोलपट आणि नंतर मूकपट. पहिला 'आर्सेन ल्युपिन', मेट्रो-गोल्डविन-मेयरचा, 1932 सालचा, जॅक कॉन्वे यांनी दिग्दर्शित केलेला. ल्युपिन हा फ्रेंच कथांतला प्रसिद्ध चोर. यात शार्मेरासचा ड्यूक म्हणून पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात वावरणारा जॉन बॅरिमोर आणि त्याच्या मागावर असलेला गेर्शार हा पोलिसी गुप्तहेर, म्हणजे जॉनचाच थोरला भाऊ लायोनेल बॅरिमोर, समोरासमोर येतात. दुसरा 'फूलिश वाइव्ज', युनिव्हर्सलचा, 1922 सालचा, एरिक फॉन स्ट्रोहाइमने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच मुख्य भूमिका केलेला. मूकपटाची सवय नसलेल्याने थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली तर त्याची लांबी आणि संथपणा यांनीच तो थकून जातो. पहिला मात्र दीड तासाच्या आत संपतो आणि त्यातला तोतया आपल्याशी बोलतो.

चित्रपट लावण्यापूर्वी प्रत नीट पाहून घ्यावी. बोलपटाच्या बाबतीत हा प्रश्न लहान आहे, कारण ध्वनी आल्यावर सेकंदाला 24 चौकटी ही गती ठरून गेली. मूकपटाचे तसे नसते. तो हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, बहुधा त्याहून कमी गतीने टिपलेला असतो, आणि तीच फीत 24 च्या गतीने चालवली की माणसे तुरुतुरु पळू लागतात. ज्या उमरावाची सगळी मदार संथ, ऐटदार हालचालींवर आहे तो असा पळू लागला की तो विदूषक वाटतो आणि त्याला कोणी फसले कसे, हेच कळेनासे होते. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत माणसांच्या चालण्याकडे बघावे आणि चाल अस्वाभाविक वाटली तर दुसरी प्रत शोधावी. 'फूलिश वाइव्ज'च्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्ट्रोहाइमने तयार केलेला मूळ चित्रपट कित्येक तासांचा होता. स्टुडिओने तो कापला, प्रदर्शनानंतर पुन्हा कापला, आणि आज आपल्याला मिळते ती निरनिराळ्या प्रतींतून जुळवलेली आवृत्ती असते. अमेरिकेत हा चित्रपट आता सार्वजनिक मालकीचा असल्याने आंतरजालावर त्याच्या वाईट प्रती पुष्कळ आहेत. त्यांतली पहिली हाती लागलेली प्रत न लावता, जी सर्वांत लांब आणि पुनर्संस्कारित आहे ती निवडावी. कथेत मध्येच एखादे पात्र नाहीसे झाले तर तो दोष बहुतेक वेळा कात्रीचा असतो.

तारखांपैकी दोनच लक्षात ठेवाव्यात. 1930 मध्ये हॉलिवूडच्या निर्मात्यांनी पडद्यावर काय दाखवावे आणि काय नाही याची एक आचारसंहिता स्वतःसाठी मान्य केली, पण तिची कडक अंमलबजावणी जुलै 1934 पासून, जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाकडून सुरू झाली. ती अशी कडकपणे लागू असतानाच्या चित्रपटात गुन्हेगाराला शिक्षा होणार हे ठरलेलेच असते. 1932 सालच्या चित्रपटाच्या बाबतीत मात्र काहीही घडू शकते, आणि 'आर्सेन ल्युपिन' पाहताना ही अनिश्चितता मनात जागी ठेवली तरच शेवटाचा खरा धक्का बसतो. हा शेवट मी पुढे सांगणार आहे. ज्यांना तो आधी कळू द्यायचा नाही त्यांनी चित्रपट पाहून मगच पुढे वाचावे.

पहिल्यांदा पाहताना कुठेही थांबू नये. वही, मोबाइल, माहिती शोधणे, काही नको. एकदा सलग बघून एक दिवस जाऊ द्यावा आणि दुसऱ्यांदा बघताना वहीचे पान मधोमध रेघ मारून दोन भागांत वाटावे. डाव्या बाजूला तोतया स्वतःविषयी काय सांगतो ते लिहावे आणि उजव्या बाजूला ते खरे आहे असे कोण म्हणते ते लिहावे. हा साधा तक्ता म्हणजे या पद्धतीचा गाभा आहे. मी जितक्या वेळा तो भरला तितक्या वेळा डावी बाजू जवळपास रिकामी राहिली आणि उजवी भरून वाहिली.

'आर्सेन ल्युपिन'ची सुरुवातच या तक्त्यासाठी केल्यासारखी आहे. चोरीची वर्दी मिळते, भरधाव जाणारी एक गाडी गेर्शार अडवतो आणि आत बांधून घातलेला एक माणूस सापडतो. तो म्हणतो, मी शार्मेरासचा ड्यूक, मलाच ल्युपिनने लुटले. गेर्शारची खात्री आहे की हाच ल्युपिन आहे. आता काय होते ते बारकाईने पाहावे. गेर्शारपाशी अनुभव आहे, अधिकार आहे, माणूस प्रत्यक्ष ताब्यात आहे. तरीही एक श्रीमंत गृहस्थ येऊन 'हो, हे ड्यूकच' एवढे म्हणतो आणि सगळा खटला तिथेच कोसळतो. पोलिसाची खात्री आणि प्रतिष्ठिताची ओळख एका तराजूत घातली तर पारडे कुठे झुकते हे चित्रपटाने पहिल्याच काही मिनिटांत सांगून टाकले आहे. या जागी चित्र थांबवावे आणि लायोनेल बॅरिमोरचा चेहरा पाहावा. माघार घ्यावी लागलेल्या माणसाचा राग त्याने आवाज न चढवता दाखवला आहे.

यानंतर तक्त्यात एक तिसरे नाव येते आणि हिशेब गुंतागुंतीचा होतो. कॅरन मॉर्लेने केलेली सोनिया ही रशियन काउंटेस म्हणून ड्यूकच्या घरी येते. 1917 च्या क्रांतीनंतर रशियातून परागंदा झालेले खरे सरदार पॅरिसमध्ये इतके होते की तिथे असे नाव सांगणारीवर कोणी चटकन संशय घेत नसे. पटकथाकारांनी या परिस्थितीचा पुरेपूर उपयोग केला आहे. सोनिया प्रत्यक्षात गेर्शारने पेरलेली बाई आहे, म्हणजे पोलिसानेच एक तोतया उभा केला आहे. तेव्हा तिच्यासाठी वहीत वेगळे पान घ्यावे आणि दोघांच्या भेटीचा प्रसंग दोनदा पाहावा. पहिल्या खेपेला तो केवळ प्रणयप्रसंग वाटतो. दुसऱ्या खेपेला कळते की दोन खोटी माणसे एकमेकांची परीक्षा घेत आहेत आणि दोघांनाही समोरच्याचे खोटेपण आवडू लागले आहे.

चित्रपटात पुढे 'मोनालिसा'च्या चोरीचा भाग येतो. त्या काळच्या प्रेक्षकाला ती अशक्यप्राय कल्पना वाटली नसणार, कारण 21 ऑगस्ट 1911 रोजी विन्चेन्झो पेरूजा याने हे चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातून खरोखरच उचलून नेले होते आणि ते डिसेंबर 1913 मध्ये फ्लॉरेन्सला सापडले. या भागात मी फार वेळ घालवत नाही. तो गतिमान आहे आणि आपोआप समजतो.

शेवटी मात्र थांबायलाच हवे. ल्युपिन पकडला जातो आणि गेर्शार त्याला निसटू देतो. ज्या गुप्तहेराने पहिल्या प्रसंगात 'हा ड्यूक नाही' म्हणून जीव तोडून सांगितले, त्याच्याकडून खोटे काय ते ऐकून घ्यायला शेवटी जग तयार असते आणि तेव्हा तोच खोट्याच्या बाजूने उभा राहतो. वहीच्या उजव्या बाजूला सर्वांत शेवटचे नाव गेर्शारचे लिहावे लागते. दोन वर्षांनंतर हा शेवट हॉलिवूडमध्ये चालू दिला गेला नसता.

आता 'फूलिश वाइव्ज'. यात युरोपातल्या, जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या मॉन्टे कार्लोमध्ये राहणारा काउंट कारामझिन आणि त्याच्या दोन 'चुलत बहिणी' असलेल्या राजकन्या, असे तिघे तोतये एका बंगल्यात आहेत. पडद्यावरचे हे मॉन्टे कार्लो कॅलिफोर्नियात उभारलेले आहे, आणि दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाल्याची जाहिरात स्टुडिओने मोठ्या अभिमानाने केली होती. इथे साक्षीदार माणसांइतक्याच वस्तूही आहेत, म्हणून तक्त्याच्या उजव्या बाजूला वस्तू लिहायला सुरुवात करावी : पांढरा गणवेश, एका डोळ्यावरचा चष्मा, लांब सिगारेट-नळी, सकाळच्या न्याहारीला कॅव्हियार, म्हणजे माशाची खारवलेली महागडी अंडी. शिवाय खोट्या नोटा. हे तिघे एका कारागिराकडून बनावट नोटा घेतात आणि जुगाराच्या टेबलावर खपवतात. खोटी नोट आणि खोटी पदवी एकाच रीतीने चालते : समोरच्याने हातात घेतली आणि पुढे दिली की ती खरी. स्ट्रोहाइमने हे मूकपटात मध्ये मध्ये येणाऱ्या कुठल्याही मजकुराच्या पाटीवर लिहिलेले नाही, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत.

या चित्रपटातला एक प्रसंग मी प्रत्येक नव्या प्रेक्षकाला आधीच सांगून ठेवतो, कारण तो तीन तुकड्यांत विखुरलेला आहे आणि सहज निसटतो. अमेरिकन राजदूताची पत्नी हॉटेलच्या गच्चीवर बसली असताना तिच्या हातातले पुस्तक खाली पडते. जवळच लष्करी झगा पांघरलेला एक अधिकारी उभा आहे. तो ते उचलून देत नाही आणि ती नाराज होते. काउंट मात्र पडलेली प्रत्येक वस्तू वाकून उचलून देणारा. पुढे पुन्हा तसेच घडते, आणि तिचा समज पक्का होतो की तो अधिकारी उद्धट आहे. बऱ्याच वेळाने त्या अधिकाऱ्याचा झगा खांद्यावरून घसरतो आणि तिला दिसते की त्याला दोन्ही हात नाहीत. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. ती झगा उचलते, त्याच्या खांद्यावर घालते आणि रिकामी बाही गालाशी धरते. खरा सैनिक कोण आणि सैनिकाचा नुसता पोशाख घातलेला कोण, याचा निवाडा इथे होतो आणि कोणताही पोलीस तिथे हजर नसतो. तिन्ही तुकडे आल्यावर मागे जाऊन सलग पाहावेत. कॅमेरा पहिल्या वेळेपासून त्या झग्यावर किती शांतपणे थांबला आहे हे तेव्हाच लक्षात येते.

पोलीस या चित्रपटात उशिरा येतात, राजकन्यांना अटक होते, आणि काउंटचा शेवट कायद्याच्या हातून न होता नोटा बनवणाऱ्या त्या कारागिराच्या हातून होतो. गुप्तहेरांची चतुराई बघायची असेल तर ती इथे मिळणार नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

दोन्ही चित्रपट झाल्यावर पडद्यामागे एक नजर टाकावी, पण ती नंतरच. एरिक फॉन स्ट्रोहाइम हा ऑस्ट्रियन सरदार घराण्यातला लष्करी अधिकारी म्हणून हॉलिवूडमध्ये ओळखला जात असे. प्रत्यक्षात तो 1885 मध्ये व्हिएन्नात, टोप्यांचा व्यवसाय करणाऱ्या ज्यू कुटुंबात जन्मला आणि 1909 मध्ये अमेरिकेत आला. नावातले सरदारकीची खूण असलेले 'फॉन' त्याने स्वतः लावून घेतले होते. 1957 मध्ये तो वारल्यानंतरच त्याच्या जन्माची कागदपत्रे अभ्यासकांनी उजेडात आणली. म्हणजे तोतयाची भूमिका करणारा स्वतः तोतया होता आणि ज्या बारकाव्यांनी कारामझिन खरा वाटतो ते त्याने रोजच्या जगण्यात घासूनपुसून घेतलेले होते. हे कळल्यावर न्याहारीचा प्रसंग पुन्हा लावून बघा. तो हात कपाकडे कसा नेतो ते बघा. हॉलिवूडमध्येच, लिथुआनियात जन्मलेला एक माणूस मायकेल रोमानॉफ या नावाने रशियाच्या झारचा नातलग म्हणून मिरवत असे. त्याने बेव्हर्ली हिल्समध्ये खाणावळ काढली, तो राजपुत्र नाही हे सगळ्यांना ठाऊक झाले, तरी चित्रसृष्टीतले बडे लोक तिथे जेवायला जातच राहिले.

हे चित्रपट चार-सहा जणांनी मिळून पाहायचे असतील तर एक युक्ती करावी. 'आर्सेन ल्युपिन'मध्ये गाडीतल्या माणसाची ओळख पटवली जाते तिथे चित्र थांबवावे आणि प्रत्येकाने कागदावर लिहावे : तुम्ही गेर्शारच्या जागी असता तर त्याला सोडले असते की नाही, आणि कोणाच्या शब्दावर. कागद घडी करून एका डब्यात ठेवावेत, कोणी कोणाला दाखवू नयेत. शेवटचा प्रसंग संपला की दिवे लावण्यापूर्वी तोच प्रश्न पुन्हा विचारावा, दुसऱ्या कागदावर उत्तरे लिहून घ्यावीत आणि मग चहा येईपर्यंत दोन्ही कागद शेजारी ठेवून मोठ्याने वाचावेत.