इंग्लिश लिहिताय? ग्रामरच्या आधी हे बघा

इंग्लिशमधे मेल किंवा निबंध लिहायचा म्हटलं की सगळे आधी टेन्सच्या मागे लागतात, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यात पहिल्यांदा खुपतात ते कॅपिटल आणि कॉमा. आपल्या लिपीत कॅपिटल हा प्रकारच नाही त्यामुळे हात आपोआप विसरतो. वाक्याचं पहिलं अक्षर, माणसांची-गावांची नावं, वार, महिने, भाषांची नावं हे सगळं कॅपिटलने सुरू, आणि 'मी' वाला आय वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच. समर, विंटर मात्र स्मॉल, आता मंडे कॅपिटल आणि समर स्मॉल का ते विचारू नका, पाठच करा.

अ की ॲन हे स्पेलिंग बघून ठरवायचं नाही, शब्द मोठ्याने म्हणून बघायचा. अवरचं स्पेलिंग एचने सुरू होतं पण कानाला स्वर ऐकू येतो, म्हणून ॲन अवर. युनिव्हर्सिटीत पहिलं अक्षर यू, पण उच्चार 'य'चा, म्हणून अ युनिव्हर्सिटी. एमबीएला सुद्धा ॲनच लागतं, कारण ऐकू येतो तो 'ए'.

कॉमाचं म्हणाल तर मराठीत आपण कॉमा देत देत वाक्य हवं तेवढं ओढतो, चालून जातं, इंग्लिशमधे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की चूक धरतात. 'इट वॉज लेट, वी वेंट होम' यात कॉमाच्या जागी फुलस्टॉप द्या, नाहीतर कॉमानंतर 'सो' टाका. आणि स्पेस कॉमाच्या नंतर, आधी नाही!

इट्समधे अपॉस्ट्रॉफी द्यायची की नाही? तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' टाकून वाचा, वाक्य नीट लागलं तर द्या, नाहीतर नको.

शब्दांमधे सगळ्यात जास्त दिसतं ते 'डिस्कस अबाउट' आणि 'रिटर्न बॅक'. अबाउट आणि बॅक दोन्ही उडवा, अर्थ आधीच्या शब्दात आहेच. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर यांना एस लावून अनेकवचन होत नाही, एकच सल्ला म्हणायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'.

स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, कुठलंही चालेल पण मिसळ नको. कलरमधला यू अमेरिकेत गळतो, नोआ वेब्स्टरने १८२८ च्या डिक्शनरीत तसंच छापलंय. स्पेलचेकची भाषा यूके की यूएस ते लिहायच्या आधीच सेट करा, नाहीतर बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येत राहते.