गुराबीच्या मॉडेलचे दोर ताठ राहण्यासाठी

मराठा आरमारातली गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, १:७२ प्रमाणात बनवत असाल, तर दोरांसाठी साधा सुती धागा नको. आपल्या विजयदुर्ग-देवगडकडच्या पावसात तो ओल धरून आखडतो, डोलकाठ्या ओढतो. हवा कोरडी झाली की त्याला झोळ पडतो. माझ्या गुराबीची पुढची डोलकाठी अशीच केसभर कलली, अजून डोळ्यांत खुपते.

पॉलिस्टरचा धागा घ्या. मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा, मग चिमटीत धरून भरभर चोळा. बोटांच्या उबेने मेण मुरतं, उभे राहिलेले तंतू बसतात. गाठीवर पाणी घातलेल्या फेविकॉलचा एकच थेंब, टाचणीच्या टोकाने. जाडी मात्र मोजाच: ३६ मिलिमीटरचा खरा दोर इथे जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो.